अपडेटनंतर आर्डुइनो उघडेना: एका पॉलिटेक्निक लॅबचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या पॉलिटेक्निकची ही हकिकत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, तांत्रिक भाग जसाच्या तसा ठेवला आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या लॅबची लिनक्सची कामं मी पुण्यातून जमेल तशी बघतो.

लॅबमध्ये तीसेक मशीन. सगळ्यांवर उबुंटू २२.०४ (उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार). विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक मशीनवर एकच सामाईक खातं, त्याला अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत. मायक्रोकंट्रोलरची प्रॅक्टिकल आर्डुइनोवर, म्हणजे शिकण्यासाठीच्या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डांवर होतात. थोडे उनो बोर्ड आहेत, बाकी सगळे स्वस्तातले नॅनो, ज्यांच्यावर यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते. प्रोग्राम लिहून बोर्डवर चढवायला आर्डुइनो आयडीई २. ती अ‍ॅपइमेजच्या रूपात होती, म्हणजे एकच मोठी फाइल. सामाईक खात्याच्या डेस्कटॉपवर टाकायची, चालवायची परवानगी द्यायची आणि डबल क्लिक करायचं. इन्स्टॉल काही करावं लागत नाही, म्हणून ही पद्धत सोयीची वाटते. पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ याच सोयीत आहे.

उबुंटू २४.०४ आलं एप्रिल २०२४ मध्ये. पण एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) वापरणाऱ्यांना 'नवीन आवृत्ती उपलब्ध आहे' अशी सूचना त्याची पहिली दुरुस्त आवृत्ती आल्यावर दिसते. ती, म्हणजे २४.०४.१, २९ ऑगस्ट २०२४ ला आली. पुढे दिवाळीच्या सुट्टीत लॅब रिकामी होती, तेव्हा लॅब असिस्टंटनी सगळी मशीन ओळीने अपग्रेड करून टाकली. सुट्टीतला वेळ सत्कारणी लावला आणि काम नीट केलं. प्रत्येक मशीन सुरू झालं, लॉगिन झालं, प्रिंटर चालला. आयडीई मात्र कोणी उघडून पाहिली नव्हती.

अडचण

सुट्टी संपून पहिली बॅच आली. मंडळाची प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर होती. मुलांनी चिन्हावर डबल क्लिक केलं, कर्सर क्षणभर फिरला आणि थांबला. खिडकी नाही, एररचा संदेश नाही, काहीच नाही. ज्या मशीनवर पाहावं तिथे हेच. मुलांनी परत परत क्लिक केलं, मशीन रिस्टार्ट केली. विभागप्रमुख मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न दुरुस्तीचा नव्हताच. "परीक्षा याच्यावर घ्यायची की पुढे ढकलायची, एवढंच आत्ता सांगा," असं त्या म्हणाल्या.

म्हणून दोन कामं पहिल्यापासून वेगळी ठेवली. एक, आजची बॅच चालली पाहिजे. दोन, बिघाडाचं कारण सापडलं पाहिजे. ही दोन कामं एकात एक गुंतली की पहिल्या चालेल त्या उपायाला माणूस चिकटतो आणि कारण शोधायचं राहूनच जातं.

पहिल्या कामाला जुनी आर्डुइनो १.८.१९ कामी आली. ही डिसेंबर २०२१ ची, १.८ मालिकेतली. ती जावावर चालते, आतून आयडीई २ पेक्षा पूर्ण वेगळी आहे. दोन्ही आवृत्त्या लिनक्सवर स्केच (आर्डुइनोचे प्रोग्राम) आणि लायब्ररी होमच्या त्याच आर्डुइनो फोल्डरमध्ये ठेवतात. बोर्डांची पॅकेजंही दोघी एकाच जागेवरून घेतात. त्यामुळे मुलांची कामं जशीच्या तशी उघडली. दिसायला जुनाट आणि आपोआप शब्द पुरे करण्याची सोय नाही, पण एलईडी ब्लिंक झाला, सीरियल मॉनिटरवर आकडे आले. बॅच पार पडली.

पहिले दोन अंदाज

असिस्टंटचा पहिला संशय सीएच३४० वर होता, आणि त्याला कारण होतं. २२.०४ बसवलं तेव्हा नॅनो जोडला की पोर्ट एक क्षण दिसायचा आणि गायब व्हायचा. अंधांसाठीच्या ब्रेल पट्टीला आधार देणारं बीआरएलटीटीवाय नावाचं सॉफ्टवेअर उबुंटूबरोबर येतं. काही ब्रेल उपकरणांचा यूएसबी ओळखक्रमांक आणि सीएच३४० चा क्रमांक एकच असल्यामुळे ते सॉफ्टवेअर नॅनोला ब्रेल पट्टी समजून पोर्ट ताब्यात घ्यायचं. तेव्हा ते काढून टाकलं होतं. (कोणी दृष्टिहीन विद्यार्थी मशीन वापरत असेल तर ते सरसकट काढू नये. त्या एका क्रमांकाचा नियम बंद केला तरी भागतं.) अपग्रेडमध्ये ते परत आलं असेल, असा असिस्टंटचा तर्क.

पण तो तर्क लक्षणांशी जुळत नव्हता. पोर्ट हरवला तर आयडीई उघडते आणि 'पोर्ट सापडत नाही' म्हणते. इथे बोर्ड न जोडताही खिडकी येत नव्हती. तरी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग पाहिला. नॅनो जोडल्यावर पोर्ट आला आणि टिकून राहिला. संशय मिटला.

दुसरा अंदाज फ्यूजच्या जुन्या लायब्ररीचा. फ्यूजमुळे साध्या वापरकर्त्यालाही एखादी फाइल फोल्डरसारखी जोडता, म्हणजे माउंट करता येते. अ‍ॅपइमेजला स्वतःला माउंट करायला सहसा तिची दुसरी आवृत्ती लागते, आणि ती २२.०४ पासून उबुंटूबरोबर आपोआप येत नाही. २४.०४ मध्ये तिच्या पॅकेजचं नावही बदललं आहे, शेवटी 'टी६४' लागलं आहे. नाव बदललं म्हणजे अपग्रेडमध्ये गळालं असेल, असं वाटणं साहजिक होतं. पाहिलं तर नव्या नावाने ते बसलेलं होतं.

एवढ्यात दुसऱ्या बॅचच्या एका मुलाने इंटरनेटवरून उपाय शोधून आणला. आयडीई टर्मिनलमधून चालवायची आणि पुढे 'नो-सँडबॉक्स' हा पर्याय जोडायचा. त्याने करून दाखवलं आणि खिडकी उघडली. लॅबमध्ये सगळ्यांनाच हायसं वाटलं. असिस्टंटचं म्हणणं सरळ होतं: "सर, पोरांची परीक्षा आहे. चालतंय ना, मग सगळीकडे टाकून देतो."

हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण. मी एवढंच म्हटलं की जुन्या आयडीईवर बॅच चालू आहे, तेव्हा घाई नाही. हा पर्याय नेमकं काय बंद करतो ते समजल्याशिवाय तो तीस मशीनवर नको.

टर्मिनलमध्ये काय दिसलं

त्याच मशीनवर तो पर्याय न लावता आयडीई टर्मिनलमधून चालवली. डबल क्लिकमध्ये जे गिळलं जात होतं ते आता वाचता आलं. संदेशाचा मतलब असा: सँडबॉक्सची (प्रोग्रामला कोंडून ठेवणाऱ्या सुरक्षेची) मदतनीस फाइल सापडली, पण तिची मांडणी बरोबर नाही, आणि सँडबॉक्सशिवाय चालण्यापेक्षा मी थांबतो. ती फाइल रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) मालकीची आणि ४७५५ परवानगीची, म्हणजे कोणीही चालवली तरी रूटच्या अधिकाराने चालणारी, असल्याची खात्री करा. त्याखाली 'ट्रेस-ब्रेकपॉइंट ट्रॅप' आणि 'कोअर डम्प्ड'.

शेवटची ओळ वाचून कोणीही 'क्रॅश झालं' म्हणेल. पण वरचं वाक्य नीट वाचलं तर प्रोग्राम कोसळलेला नाही, तो ठरवून थांबला आहे. सुरक्षेशिवाय चालायचं नाही, असा त्याचा स्वतःचा नियम आहे.

संदेशात सुचवलेला उपाय करून पाहणं ओघानंच आलं. असिस्टंटनी फाइलची परवानगी बदलायची आज्ञा दिली. उत्तर आलं की फाइल सिस्टम फक्त वाचण्यापुरती आहे. अ‍ॅपइमेज चालवली की ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये, दर वेळी वेगळ्या नावाखाली, फक्त वाचता येईल अशी माउंट होते आणि प्रोग्राम बंद झाला की नाहीशी होते. शिवाय अशा माउंटवर रूटची खास परवानगी असलेली फाइल ती परवानगी वापरूच शकत नाही. म्हणजे संदेश जे करायला सांगत होता ते या मांडणीत करता येणारंच नव्हतं. अनेकजण इथेच हात टेकतात आणि 'नो-सँडबॉक्स'कडे वळतात.

मग कर्नलच्या लॉगमध्ये त्याच वेळच्या नोंदी पाहिल्या. तिथे अ‍ॅपआर्मरची ओळ होती (कुठल्या प्रोग्रामला काय करता येईल हे ठरवणारी ही उबुंटूतली सुरक्षा व्यवस्था, आणि प्रोफाइल म्हणजे तिच्यातले एकेका प्रोग्रामचे नियम): प्रोफाइल 'अनप्रिव्हिलेज्ड युजरएनएस', प्रोग्राम 'आर्डुइनो-आयडीई', मागितलेला अधिकार 'सिस-अ‍ॅडमिन', निकाल 'डिनाइड'. कोणी अडवलं आणि काय मागितल्यावर अडवलं, दोन्ही त्या एका ओळीत आलं.

कारण

आयडीई २ इलेक्ट्रॉन या डेस्कटॉप प्रोग्राम बनवायच्या चौकटीवर बांधलेली आहे, आणि इलेक्ट्रॉनच्या पोटात क्रोमियम ब्राउझरचं इंजिन असतं. हे इंजिन आपल्या काही प्रक्रिया कोंडून ठेवतं, म्हणजे तिथे काही वाकडं चाललं तरी ते बाकीच्या मशीनपर्यंत पोचू नये. ही कोंडी म्हणजेच सँडबॉक्स. ती तयार करायचे लिनक्सवर दोन मार्ग आहेत. पहिला युजर नेमस्पेसचा. तो बंद असेल तर दुसरा, रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या छोट्या मदतनीस फाइलचा.

युजर नेमस्पेस म्हणजे साध्या वापरकर्त्याला स्वतःपुरती एक वेगळी जागा मिळते आणि त्या जागेत तो रूट असतो. हॉस्टेलच्या आपल्या खोलीत आपण मालक, पण इमारतीच्या चाव्या रेक्टरकडे, तसं. कर्नल ३.८ पासून, म्हणजे २०१३ पासून, ही सोय साध्या वापरकर्त्यांनाही मिळाली. अडचण अशी की 'खोलीतला मालक' झाल्यावर कर्नलचे असे भाग हाताशी येतात जे आधी फक्त खऱ्या रूटला वापरता यायचे, आणि त्यात चूक निघाली की खोलीतला मालक इमारतीचा मालक होऊ शकतो. जानेवारी २०२२ मध्ये उघड झालेली सीव्हीई-२०२२-०१८५ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या चुकांना दिलेला नोंदणी क्रमांक) ही अगदी अशीच चूक होती.

म्हणून उबुंटूने २३.१० मध्ये यावर बंधन आणण्याची सोय केली आणि २४.०४ मध्ये ते बंधन मुळातच चालू ठेवलं. ज्या प्रोग्रामसाठी अ‍ॅपआर्मरमध्ये परवानगी लिहिलेली आहे त्यालाच नेमस्पेस पूर्ण अधिकारांनी वापरता येते. इतरांना ती मिळते, पण आतले अधिकार काढून. आमच्या आयडीईचा पहिला मार्ग तिथे अडला. दुसरा मार्ग अ‍ॅपइमेजमुळे आधीच बंद होता. दोन्ही गेल्यावर ती थांबली. उबुंटू आणि आयडीई दोघंही आपापल्या जागी बरोबर वागत होते.

एक गोष्ट तरी खटकत होती. त्याच मशीनवर सी भाषेच्या प्रॅक्टिकलसाठी व्हीएस कोड हा एडिटर आहे. तोही इलेक्ट्रॉनवरच चालतो, आणि तो बिनबोभाट उघडत होता. म्हणून अ‍ॅपआर्मरच्या प्रोफाइलांचा फोल्डर उघडला. तिथे 'कोड' नावाची फाइल होती, उबुंटूनेच दिलेली. आत मोजक्या ओळी: प्रोग्राम कुठे बसलेला आहे तो मार्ग, 'अनकन्फाइंड' (बाकी कुठलं बंधन नाही) हा शब्द, आणि महिरपी कंसात 'युजरएनएस'. क्रोमसाठीही तशीच फाइल होती. आर्डुइनोसाठी नव्हती. असिस्टंटनी ती फाइल शांतपणे दोनदा वाचली आणि म्हणाले, "म्हणजे यादीत नाव नाही, एवढंच."

समोरचे पर्याय

मागे फिरून २२.०४ पुन्हा बसवणं शक्य होतं. त्याला २०२७ पर्यंत आधार आहे. पण परीक्षेच्या तोंडावर तीस मशीन नव्याने बसवायची आणि हाच प्रश्न पुढच्या अपग्रेडला परत भेटणार. हा पर्याय फार वेळ चर्चेत राहिला नाही. फ्लॅटपॅक या प्रोग्राम बसवायच्या वेगळ्या व्यवस्थेचंही थोडक्यात आटोपलं. लॅबमध्ये ते कुठेच नव्हतं, एका प्रोग्रामसाठी नवी व्यवस्था सांभाळायची असिस्टंटची तयारी नव्हती, आणि ते मला पटलं.

'नो-सँडबॉक्स' सगळ्यात सोपा. चिन्हाच्या फाइलमध्ये एक शब्द जोडला की झालं. पण आयडीईमध्ये मुलं बाहेरच्या लायब्ररी आणि बोर्डांचे पत्ते टाकतात, कुठूनही आलेला मजकूर त्यात दिसतो. तिची कोंडी कायमची उघडी ठेवायची हे मला मान्य नव्हतं.

कर्नलचं बंधनच बंद करायचं, हा पर्याय मात्र गंभीरपणे तोलला. सेटिंगचा एक आकडा शून्य केला की सगळी इलेक्ट्रॉन अ‍ॅप्स पूर्वीसारखी चालतात. मॅडमचा प्रश्न रास्त होता: "२२.०४ वर हे बंधन नव्हतंच ना? मग इतके दिवस आपण असुरक्षित होतो का?" प्रामाणिक उत्तर असं की हो, आपण तितकेच उघडे होतो, आणि बंधन काढलं तर मशीन पूर्वीपेक्षा वाईट होणार नाही, फक्त पूर्वीसारखं होईल. घरच्या एकट्याच्या मशीनवर कोणी असं केलं तर मी वाद घालणार नाही. लॅबचं वेगळं आहे. तिथे दिवसभर बॅचेस एकाच खात्यावर बसतात, पेनड्राइव्ह येतात-जातात, आणि साध्या खात्यावरून रूट व्हायची वाट बंद करणं हाच या बंधनाचा हेतू आहे. ज्या जागेला त्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच ते काढायचं, हे जुळत नव्हतं.

उरले दोन, आणि दोन्हींना अ‍ॅपइमेज सोडावी लागणार होती. आयडीई लिनक्ससाठी झिपमध्येही मिळते. ती रूटच्या मालकीच्या फोल्डरमध्ये उलगडायची. मग एकतर मदतनीस फाइलला रूटची मालकी आणि ४७५५ द्यायचं, म्हणजे संदेश जे सांगत होता तेच, आता शक्य असलेल्या जागी. नाहीतर उबुंटूने व्हीएस कोडसाठी केलं तसं आर्डुइनोसाठी अ‍ॅपआर्मरचं प्रोफाइल लिहायचं.

निर्णय

प्रोफाइल निवडलं. ४७५५ चा मार्गही चुकीचा नाही, क्रोमियमनेच तो ठेवला आहे. पण आयडीईची नवी आवृत्ती उलगडली की परवानगी दर वेळी नव्याने द्यावी लागते, आणि विसरली की तोच मुका बिघाड परत. प्रोफाइल मार्गाला बांधलेलं असतं. मार्ग तोच ठेवला की आवृत्ती बदलली तरी चालतं.

मार्गावरून असिस्टंटशी थोडी चर्चा झाली. अ‍ॅपइमेज डेस्कटॉपवरच ठेवून तिच्या मार्गाचं प्रोफाइल लिहिलं तर फोल्डर बदलायची कटकट वाचेल, असं त्यांचं म्हणणं. पण सामाईक खात्याचा डेस्कटॉप कोणीही लिहू शकतो. तिथल्या मार्गाला परवानगी दिली की त्या नावाने ठेवलेल्या कुठल्याही फाइलला ती परवानगी मिळाली. म्हणून जागा अशी हवी जिथे फक्त रूट लिहू शकतो. 'ऑप्ट' फोल्डर ठरला.

अंमलबजावणी

आधी एकच मशीन. झिप आर्डुइनोच्या संकेतस्थळावरून उतरवली, 'ऑप्ट'खाली उलगडली, मालकी रूटची. 'कोड'ची प्रोफाइल फाइल समोर ठेवून नवी लिहिली, फक्त नाव आणि मार्ग बदलला. अ‍ॅपआर्मरला ती वाचायला लावली. आयडीई उघडली. मशीन रिस्टार्ट करून परत उघडली, कारण प्रोफाइल बूटच्या वेळी लागतं की नाही हे पाहणं गरजेचं होतं.

त्यानंतरची उलटी चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आयडीईचा तोच फोल्डर सामाईक खात्याच्या होममध्ये कॉपी करून तिथून चालवला. तो त्याच संदेशासह थांबला. म्हणजे परवानगी एका जागेपुरतीच आहे आणि बंधन मशीनवर शाबूत आहे. नुसतं 'चाललं' पाहून हे कळलं नसतं.

मग छोटी स्क्रिप्ट करून असिस्टंटनी बाकीच्या मशीनवर तेच केलं. प्रत्येक ठिकाणी नॅनो जोडून ब्लिंक चढवून पाहिलं. काही मशीन अडल्या. एकीकडे झिप उलगडताना आत आवृत्तीच्या नावाचा आणखी एक फोल्डर तयार झाला होता, त्यामुळे खरा मार्ग प्रोफाइलमधल्या मार्गाशी जुळत नव्हता. दुसरीकडे सगळं बरोबर होतं, पण डेस्कटॉपवरचं जुनं चिन्ह अजून अ‍ॅपइमेजच उघडत होतं. दोन्ही ठिकाणी लक्षण तेच, कर्सर फिरतो आणि थांबतो. टर्मिनलमधून चालवल्यावर फरक लगेच दिसला. जुन्या अ‍ॅपइमेज सगळीकडून काढून टाकल्या.

परिणाम

परीक्षा ठरल्या वेळी आयडीई २ वर झाली. १.८.१९ लॅबमध्ये तशीच ठेवली आहे, कारण अशा दिवशी ती पुन्हा लागेल. नंतर आयडीईची नवी आवृत्ती आली तेव्हा असिस्टंटनी त्याच मार्गावर ती उलगडली, प्रोफाइलला हात लावावा लागला नाही.

विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपचा प्रश्न पूर्ण सुटला असं म्हणता येत नाही. अनेकांनी 'नो-सँडबॉक्स' लावून काम भागवलं होतं आणि काहींच्या चिन्हात ते अजूनही असेल. विभागाने मराठीत एक पानी सूचना लावली. तिच्यात झिप आणि ४७५५ चा मार्ग दिला. एकट्याच्या मशीनवर प्रोफाइल लिहिण्यापेक्षा दोन आज्ञांत होणारं ते काम मुलं खरोखर करतील, असं मॅडमचं मत पडलं.

वेगळं काय करता आलं असतं

अपग्रेड सुट्टीत केलं हे बरोबरच. पण एक मशीन आधी अपग्रेड करून त्यावर सत्रातलं एक प्रॅक्टिकल सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहिलं असतं, तर हे सुट्टीतच दिसलं असतं. मशीन सुरू होणं आणि प्रॅक्टिकल होणं या वेगळ्या तपासण्या आहेत. २४.०४ च्या अधिकृत टिपणांमध्ये या बंधनाचा उल्लेख आहे. 'नेमस्पेस' या शब्दावरून आर्डुइनो आठवेल अशी अपेक्षा कोणाकडून करता येणार नाही, पण पॅकेज व्यवस्थेच्या बाहेरून आणलेल्या प्रोग्रामांची यादी हाताशी असती, तर निदान तपासायचं काय ते ठरलं असतं. अपग्रेड जे सांभाळतं ते पॅकेजांना. डेस्कटॉपवर पडलेल्या फाइलची त्याला खबरही नसते.

टर्मिनलचं पाऊल पहिलं हवं होतं. ब्रेल सॉफ्टवेअर आणि फ्यूज, दोन्ही अंदाज जुन्या अनुभवातून आले होते आणि वाजवी होते, पण त्यात सकाळ गेली. कारणाची ओळ लॉगमध्ये पहिल्या क्लिकपासून पडलेली होती.

आता लॅबच्या रजिस्टरमध्ये अशा बाहेरून आणलेल्या प्रोग्रामांचं एक पान आहे: नाव, कुठून आणला, कुठल्या मार्गावर आहे, कोणी टाकला. कोपऱ्यातलं एक मशीन चाचणीसाठी राखून ठेवलं आहे. पुढचं एलटीएस आधी त्याच्यावर बसेल, आणि त्याच्यावर नॅनोचा एलईडी लागेपर्यंत बाकीच्यांना हात लावायचा नाही, असं मॅडमनी त्या पानाखाली लिहून सही केली आहे.